ठाण्यात फॉग मशीन भाड्याने घेताय? आधी बर्फाची सोय बघा

गडकरी रंगायतनच्या मागच्या बाजूला लाइट, ड्रेपरी, स्मोक वगैरे भाड्याने देणारं एक छोटं दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. आम्ही 14 मिनिटांची ब्लॅक अँड व्हाइट भुताची फिल्म करत होतो, खिशात 40 हजार, आणि लोकेशन चरईतलं मित्राच्या आजोळचं घर, महिन्याभरात रिडेव्हलपमेंटला जाणारं, म्हणजे भिंतीला खिळे ठोकले तरी कोणी ओरडणार नाही.

मशीन 1500 वॅटचं, भाडं दिवसाला 1200. देताना कोणी सांगितलं नाही की जुन्या घरातल्या 5 अँपिअरच्या पॉइंटला हे झेपत नाही, त्यात त्याच लाइनवर आमचे दोन हॅलोजन, पहिल्याच टेकला फ्यूज उडाला आणि सगळे खरोखरच किंचाळले. आवाज रेकॉर्ड झाला नाही ह्याचं वाईट वाटतं. बरं, शेजारच्यांकडून गिझरच्या पॉइंटवरून वायर ओढली तर धूर जमिनीवर राहीचना, सरळ माळ्यावर! लिक्विड तापवून फवारतात, गरम धूर वरच जाणार. मृत सरदाराच्या पायाशी धुकं सरपटायला हवं होतं, आमच्याकडे फोडणी करपल्यासारखं दिसत होतं.

दुकानात फोन केला तर त्यांचा पोऱ्या अर्ध्या तासात कोळणीकडचा थर्माकोलचा खोका आणि दोन लाद्या बर्फ घेऊन हजर. खोक्याला दोन भोकं, एकीकडून धूर आत, दुसरीकडून गार होऊन बाहेर, आणि काय सांगू, धुकं उंबरठ्यावरून मांजरासारखं खाली उतरलं. फक्त खोक्याला बोंबलाचा वास होता, सरदार तीन दिवस नाक मुरडत होता.

पण पैसे वसूल झाले ते जेलपेपरवर, म्हणजे लाइटवर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदावर. दुकानाचे मालक काका जुने रंगभूमीवाले, आम्हाला हिरोइन एका शॉटमध्ये म्हातारी करायची होती, तर म्हणाले, "सुरकुत्या लाल पेन्सिलने काढ, लाइटवर आधी लाल जेल लाव, मग हळूच हिरवा आण." लाल उजेडात लाल रेघ दिसतच नाही, हिरव्यात काळी होते, कट न मारता बाई समोरच म्हातारी. इटलीच्या मारिओ बाव्हा ह्या कॅमेरामनने 1957 च्या 'ई व्हांपिरी' ह्या सिनेमासाठी हीच युक्ती वापरली होती हे मला नंतर कळलं, काकांना ते माहीतही नव्हतं, ते म्हणे आम्ही राज्यनाट्यला करायचो. रंगीत शूट असेल तर मात्र विसरा, सगळं उघडं पडतं.

आता तक्रार. लिक्विडचा कॅन मुळातच अर्धा दिला होता आणि डिपॉझिटमधून पूर्ण कॅनचे 500 कापले. मी वाद घातला, काकांनी चहा पाजला, पैसे नाही दिले. कॅनचा फोटो काढूनच सामान उचला. पुढच्या फिल्मला परत तिथेच जाणार आहे, पण खोका घरून नेणार.