कॅम्पर बस, दोन कुत्री आणि समुद्रकिनारा : काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅम्पर बस विकणारे आधी पलंग दाखवतात, मग ओटा, मग दिव्यांची रोषणाई. कुत्र्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने राहायचं असेल तर या तिन्ही गोष्टी शेवटी बघा. आधी छत बघा, मग फरशी. भुरी आणि काळू या आमच्या दोघांसोबत इतके महिने बसमध्ये काढल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

हवेचं आधी सांगते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवतं. किनाऱ्यावर मुळात हवाच दमट, त्यामुळे ही वाफ नीट होत नाही आणि आपल्याला सोसणारी दुपार त्यांना जड जाते. बाहेर २४ अंश सेल्सिअस असलं तरी उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ३४ च्या आसपास जातो आणि अर्ध्या तासात चाळिशी ओलांडतो. काच बोटभर उघडी ठेवून काही साधत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं.

म्हणून छतातला बारा व्होल्टचा पंखा हा मला या बसमधला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. मंद गतीवर आमचा पंखा एक अँपिअरच्या आसपास वीज घेतो. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर तो रात्रभर चालला तरी सकाळी काळजी नसते. पण बस बांधणाऱ्याने तो पलंगाच्या वरच्या छतात बसवला होता आणि कुत्री झोपतात दाराजवळ. आम्ही दाराशेजारी खाली जाळीची खिडकी पाडून घेतली. आता गार हवा तिथून आत येते, कुत्र्यांच्या अंगावरून जाते आणि तापलेली हवा छतातून बाहेर पडते. आधी भुरी मध्यरात्रीपर्यंत धापा टाकत जागा बदलत राहायची. आता दिवे मालवायच्या आत पाय ताणून आडवी होते.

बस कशी लावता यालाही तितकंच महत्त्व आहे. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. बस किनाऱ्याला समांतर लावली की दोन्ही वेळा वारा आरपार जातो. सरकतं दार आम्ही जमिनीच्या बाजूला ठेवतो, म्हणजे दुपारची उडती वाळू थेट आत येत नाही. आतलं तापमान फोनवर कळवणारं यंत्रही घेतलंय, पण कड्याखाली नेटवर्क गेलं की ते मुकं होतं. त्याच्या भरवशावर कुत्र्यांना आत ठेवून जाऊ नका.

फरशीबद्दल थोडक्यात: एकसंध शीट हवी, कडा भिंतीवर चार बोटं चढवलेल्या. जोड असला की ओल्या पंजांचं खारं पाणी खाली प्लायवूडमध्ये उतरतं आणि मग वास जाता जात नाही. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे ते लाकूड लवकर वाळतही नाही. सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत वाळू साचते आणि रोलर करकरायला लागतो. तिथे तेल घालू नका, तेलाला वाळू चिकटते. ब्रशने झाडून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा आणि बॅटरीच्या अर्थिंगचा बोल्ट अधूनमधून उघडून बघा, गंज तिथे गुपचूप धरतो.

पाण्याचा हिशेब माणसांपुरता करून चालत नाही. कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, किनाऱ्यावर धावल्यावर आणखी. तहानेने ती समुद्राचं पाणी प्यायली तर उलट्या-जुलाब होतात. जास्त प्यायली तर अंगातलं मीठ वाढून मेंदूवर परिणाम होतो. म्हणून पुळणीवर उतरतानाच वाडगं आणि बाटली हातात असते. पाय धुवायला मात्र बागेत औषध फवारायचा हातपंप घ्या, नवाकोरा. बोटांमधली वाळू बारीक फवाऱ्याने निघते आणि जेमतेम लिटरभर पाण्यात आठही पंजे होतात.

फिरण्याची वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवतो. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ती सकाळी किंवा संध्याकाळी आली की पाण्यालगतची ओली, घट्ट, गार वाळू मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात अरुंद पुळणीवर जातच नाही. पक्ष्यांची किंवा कासवांची घरटी असतील तिथे दोघांनाही पट्टा.

गाडी चालू असताना दोघंही चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने आवळलेल्या पिंजऱ्यात असतात. यावर चर्चा नको. धडक बसली तर मोकळा कुत्रा गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो.

दुसऱ्यांदा बस घ्यायची झाली तर आतलं न्हाणीघर मी घेणार नाही. त्याची मोरी केसांनी सारखी तुंबते, आणि तेवढ्या जागेत दोघांची अंथरुणं सुखाने मावली असती. मागच्या दाराबाहेर साधा शॉवर पुरे.