१४ हजारांची स्पीकर केबल आणि रिमोटची करामत

घरी स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर बसवायच्या बेतात असलेल्या खान्देशातल्या मंडळींनो, हे वाचा आणि मग जळगाव गाठा. सिस्टिमच्या भावात घासाघीस करून तुम्ही जे चार पैसे वाचवता, ते दुकानदार केबलमध्ये वसूल करतो. आमच्याकडून त्याने तीन-तीन मीटरच्या जोडीचे १४ हजार घेतले. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

डेमो असा होता. आधी साधी वायर लावून सतार-तबल्याचा तुकडा ऐकवला. मग आवाज बंद, केबल बदलली, पुन्हा तोच तुकडा. आणि खरंच थाप उठून आली, सतार जवळ सरकल्यासारखी वाटली. मी, बायको, भाचा, तिघांनीही माना डोलावल्या. "मी काहीच बोलत नाही साहेब, तुमचेच कान सांगताहेत," इति दुकानदार. त्यानंतर मात्र तो भरपूर बोलला. ९९.९९ टक्के ऑक्सिजन-फ्री तांबं, वर चांदीचा मुलामा, आणि केबलवर बाण, कारण आवाज म्हणे एकाच दिशेने नीट वाहतो. स्पीकरचा करंट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट फिरतो, त्याला हा बाण कोण वाचून दाखवतं कोण जाणे. चांदीचं म्हणाल तर अख्खी तार चांदीची केली तरी ती तांब्याहून जेमतेम सहा टक्के चांगली वाहक.

भाच्याने सगळा डेमो मोबाइलवर घेतला होता. रात्री तो म्हणाला, "मामा, गाणं सोडा, अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेवरचा आकडा बघा." साध्या वायरच्या वेळी उणे ३२, महागड्या केबलच्या वेळी उणे २९. रिमोट सगळा वेळ दुकानदाराच्या हातात. हा आकडा आवाजाच्या मापाचा, म्हणजे डेसिबलचा असतो. उणे ३२ वरून उणे २९ म्हणजे आवाज ३ डेसिबल वाढला, आणि ३ डेसिबल वाढले म्हणजे स्पीकरला दुप्पट पॉवर गेली. केबल बदलायला मध्ये दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात आधीचा आवाज नेमका किती होता ते कानाच्या लक्षात राहत नाही, आणि वाढलेला आवाज मोठा न वाटता स्वच्छ वाटतो. सगळी जादू तिथे आहे.

आता केबलमुळे किती फरक पडतो ते पाहा. २.५ स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध (रेझिस्टन्स) किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. तीन मीटर जायला, तीन यायला, म्हणजे ०.०४५ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. आवाज घटतो ०.०५ डेसिबलच्या आसपास. तो कुणाला ऐकू येत नाही. रिमोटने दिलेला फरक याच्या साठपट होता.

घरी आम्ही पडदा टाकून पाहिलं. आवाजाचा आकडा तोच ठेवायचा, नाणं उडवून भाच्याने केबल लावायची, ओळखायचं मी आणि बायकोने. आमची उत्तरं निम्मीच बरोबर आली, म्हणजे नुसता अंदाज. अमेरिकेत २००७ साली भोंदू दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलपासून कानाने ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस शेवटपर्यंत कुणी नेलं नाही.

खरा धक्का पुढेच होता. चोपड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारा आमचा एक मिस्त्री आहे. केळीवाल्यांच्या सबमर्सिबल पंपांच्या मोटरी भरण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याने केबल हातावर तोलली आणि म्हणाला, "भाऊ, हाई तांबं नही शे." मग जाड पारदर्शक प्लास्टिक सोललं. आत तार निघाली प्लास्टिकच्या मानाने काडीएवढी. तिच्यावर त्याने ब्लेड फिरवलं. वरची लाली खरवडून निघाली आणि खाली पांढरं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं असतं, म्हणून त्याला हातावरच कळलं. "मोटरला ही लावली असती तर गरम होऊन गेली असती," तो म्हणाला. तीन मीटरच्या स्पीकरला मात्र तीही चालते, आवाजात तिचाही फरक कळत नाही. म्हणजे शुद्ध तांब्याच्या नावाने जो गोडवा आम्हाला विकला, त्याच्यात तांब्याची नुसती वरची लाली होती.

वायरचा फरक कधीच पडत नाही असं नाही. लग्नाच्या मांडवात १ स्क्वेअरची वायर ५० मीटर ओढली तर जाऊन-येऊन २ ओहमच्या घरात रोध होतो, आवाज चांगलाच पडतो. सैल जोड, गंजलेलं टोक यांचाही त्रास होतो. त्याला इलाज जाड वायर आणि घट्ट स्क्रू. इलेक्ट्रिकच्या दुकानात आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा शिक्का असलेली तांब्याची लवचिक वायर मीटरवर मिळते. तीन मीटरची जोडी काही शेकड्यांत होते.

परत करायला गेलो तर उत्तर तयार होतं: "केबल २०० तास वाजू द्या, मग खुलते." रोज दोन तास ऐकलं तर १०० दिवस, आणि माल परत घ्यायची मुदत सात दिवस! बिल मागितलं तर 'एस्टिमेट' लिहिलेला साधा कागद पुढे केला. पैशांऐवजी दुसरा माल घ्या म्हणाला, तो घेतला नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांत दावा करता येतो. आमच्याकडे यूपीआयची नोंद, तो कागद, डेमोचा व्हिडिओ आणि ९९.९९ टक्के छापलेला खोका आहे. तुम्हीही असा माल घेतला असेल तर खोका टाकू नका. टोक सोलायचं तर दोन माणसांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून सोला, आणि जोडीतली दुसरी केबल आहे तशीच ठेवा.