कोल्हापूरच्या गर्दीत फोटो काढायला ३५ मिमी लेन्स की ७०-२०० झूम?

रंकाळ्यावर संध्याकाळी घरच्यांसोबत गेलात, तर ३५ मिमीच हवी. भेळ खाणारी पोरं, बाकावरची आजी आणि मागचं पाणी एकाच चौकटीत बसतं. लेन्सचं छिद्र एफ १.८ वर उघडलं (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) की एफ २.८ च्या दुपटीहून जास्त उजेड मिळतो, त्यामुळे दिवे लागल्यावरही हात थरथरण्याची भीती कमी. महाद्वार रोडला तर मागे सरकायला जागाच नसते.

दसरा चौकात मात्र लांबचं जवळ आणणाऱ्या ७०-२०० ला तोड नाही. शाही दसऱ्याचं सीमोल्लंघन सूर्यास्ताला होतं आणि सोनं लुटायला झुंबड उडते. पुढे घुसण्यापेक्षा लांबूनच आपट्याच्या पानांकडे झेपावणारे हात टिपावेत. वजन खांद्याला जाणवतं, तेवढं सोसावं.

जोतिबाची चैत्र यात्रा खरी कसोटी. उंच सासनकाठ्या जवळून घ्यायच्या तर ३५ मिमी, गुलालाने माखलेले चेहरे घ्यायचे तर झूम. पण तिथे लेन्स बदलू नका, गुलाल थेट सेन्सरवर बसतो. मी ३५ मिमी लावून कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळते. काठी नाचवणाऱ्याच्या मनगटातला ताण जवळूनच दिसतो, आणि मला तोच हवा असतो.