कॅम्परची स्लाइड-आउट खोली : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

बाहेर सरकणारी खोली असलेला कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यावा का, असं साताऱ्यात बरेच जण विचारतात. जरूर घ्या. खोली बाहेर सरकवली की दोनेक फूट रुंदी वाढते. आई पलंगावर आडवी झालेली असतानाही ओट्यापाशी उभं राहून चहा करता येतो. फक्त ती आत आल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि अडकली तर काय तपासायचं हे माहीत हवं.

आमची अडकली बामणोलीला, शिवसागराच्या काठी. रात्रभर पाऊस, सकाळी बटण दाबलं तर नुसता ‘टक्’ आवाज. खोली सरकवणारी मोटार जळाली असंच सगळ्यांना वाटलं. पण टक् वाजतंय म्हणजे रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटारीला वीज जोडणारा स्विच, ओढतोय, बटण ठीक आहे. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट. या आकड्यावर विसंबू नका, भार नसताना दमलेली बॅटरीसुद्धा बरी दिसते. खरं माप कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगून मोटारीच्या टोकांवर घ्यायचं. तिथे जेमतेम ९ भरले, त्याच वेळी बॅटरीवर १२. वाटेत ३ व्होल्ट खाल्ले जात होते. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटारीच्या निगेटिव्हला. बटण दाबल्यावर इथे शून्याच्या जवळ दिसायला हवं. ते ३ जवळपास सगळे इथेच सापडले. अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडणारा, बोल्ट पायरीखाली चॅसीच्या रंगावरच आवळलेला होता आणि पाण्याने गंजला होता. बॉडी बांधणाऱ्याने रंग खरवडायला हवा होता. एवढे पैसे घेऊन केलेल्या कामात हे मला अजिबात पटलेलं नाही. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, इंजिन चालू ठेवून बटण दाबलं आणि खोली आत आली.

मोटार फिरतेय पण खोली जागची हलत नाही, असं झालं तर पिन तुटली किंवा गिअर दातेरी पट्टीवरून सुटला असं समजा. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहिली तर बटण लगेच सोडा, रेटू नका. उतारावर गाडी लावली की चॅसी पिळवटते आणि खोली तिरकी अडकते, म्हणून आधी गाडी लेव्हलला आणायची.

मोटारीऐवजी हाताने फिरवायच्या हँडलने खोली आत घ्यायची वेळ आली तर आमच्या प्रकारात आधी मोटारीचा ब्रेक सोडावा लागतो. काम झालं की तो आठवणीने परत लावा. तो न लावता यवतेश्वरचा घाट उतरलात तर वळणावर खोली बाहेर सरकू शकते.

कास, चाळकेवाडीकडची लाल धूळ पट्टीच्या दातांत बसते. ग्रीस लावलंत तर तीच धूळ चिकटून घट्ट होते. कोरडा सिलिकॉन स्प्रे बरा. रबरी सीलला डिझेल, ऑइल लावू नका, रबर फुगतं. पावसाळ्यात खोलीच्या टपावरचा पालापाचोळा झाडूनच ती आत घ्या.

नवीन घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच हँडल मागून घ्या आणि खोली हाताने आत आणून दाखवायला सांगा. आमच्या गाडीत हँडल बसवायची जागा पाण्याच्या टाकीमागे आहे, खोली आत असली तरच तिथे हात पोचतो. ती जागा मी आता बदलून घेणार आहे.