बॉनेटखालचा कर्कश आवाज: बेल्ट की बेअरिंग?

नवी मुंबईतल्या कळंबोलीसारख्या ट्रकतळावर पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रकचे इंजिन सुरू होताच येणारा आणि थोड्या वेळाने विरणारा कर्कश आवाज बहुधा सैल किंवा झिजलेल्या बेल्टचा, म्हणजे इंजिनाच्या पुल्या (चाके) फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा असतो. चालत्या इंजिनापासून हात दूर ठेवून बेल्टवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर थांबला तर पुली एका रेषेत नसण्याची शक्यता असते, वाढला तर ताण कमी असण्याची.

बेअरिंगचा, म्हणजे पुलीला सहज फिरू देणाऱ्या आतल्या भागाचा आवाज पाण्याने बदलत नाही. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर किंवा डुगडुग जाणवली की दोष तिथेच असतो.

माझ्या मते बेअरिंगची शंका आधी दूर करावी, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाचे बेअरिंग अडकले तर बेल्ट तुटून ठाण्याजवळच्या गायमुख घाटाच्या चढावरच इंजिन तापू शकते, आणि केवळ नवा बेल्ट चढवल्याने हा धोका टळत नाही.