मेंदूतील गाठीचे निदान आणि मिरजेतील हे एमआरआय केंद्र

सीटी स्कॅनवर दाजींच्या मेंदूत गाठ दिसली आणि ती नेमकी कशाची आहे हे ठरवण्यासाठी आम्हांला या केंद्रात पाठवण्यात आले. डोक्यात गाठ आहे एवढे आजकाल तालुक्याच्या गावीही कळते. ती क्षयाची आहे, पू साचल्यामुळे झालेली आहे, शरीरातील दुसऱ्या कर्करोगाची मेंदूत उतरलेली आहे की मेंदूतच उगवलेली आहे, हे ओळखणे मात्र फार अवघड असते, आणि एमआरआय केंद्राची खरी पारख तिथेच होते. या केंद्राविषयी मी लिहितो आहे ते त्याच अंगाने.

दाजी अनेक वर्षे कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करत आले आहेत. गेल्या काही महिन्यांत ते अबोल झाले होते, हिशेबात चुकत होते, घरात काय चालले आहे याकडे त्यांचे लक्षच नसे. हातापायांत कमजोरी नव्हती, फिट आलेली नव्हती, त्यामुळे नैराश्यावरचे औषध सुरू झाले. त्यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ पुष्कळदा स्वभावातील बदलातूनच आधी प्रकट होते आणि असे बदल शंभर साध्या कारणांनीही होतात. पुढे सकाळी उठताना डोके दुखणे आणि उलटी होणे सुरू झाले, तेव्हा सीटी झाला. तो कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र उजळवणारे औषध शिरेतून न देता केलेला होता, आणि अहवालात क्षयाची गाठ असण्याची दाट शक्यता लिहिली होती. आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की हा तर्क कोणीही आधी करील. एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या, आणि सूज उतरण्यासाठी स्टिरॉइड सुरू करण्याचे ठरत होते. त्याआधी एमआरआय करून घ्या, एवढाच सल्ला होता.

इथल्या तंत्रज्ञांनी नेहमीचे प्रश्न विचारले: पेसमेकर आहे का, शरीरात कुठे प्लेट किंवा स्क्रू बसवला आहे का, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, रिपोर्ट आणला आहे का. मग दाजींचे काम काय, असे विचारले. लेथ हा शब्द ऐकताच त्यांनी थांबून पुढचा प्रश्न केला की डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का. गेला होता, आणि तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढलाही होता, असे ताईने सांगितले. तरीही आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून, आत धातूचा कण उरलेला नाही याची खात्री झाल्यावरच त्यांना मशीनमध्ये घेण्यात आले. डोळ्यात राहिलेला बारीक कण चुंबकाच्या ओढीने हलला तर दृष्टी जाऊ शकते. फॉर्मवर सही घेऊन मोकळे होणाऱ्यांपैकी हे लोक नाहीत, हे तिथेच दिसले.

मशीन 1.5 टेस्लाचे आहे; टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक. 3 टेस्लाच हवे असा आग्रह हल्ली नातेवाईक धरतात; माझ्या मते मेंदूतील गाठीसाठी कोणत्या सिक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे घेतलेल्या चित्रमालिका, घेतल्या आणि त्या कोणी वाचल्या, याला अधिक महत्त्व आहे. इथे कॉन्ट्रास्टसह डिफ्युजन (ऊतीतील पाण्याची हालचाल दाखवणारी), परफ्युजन (रक्तप्रवाह दाखवणारी) आणि स्पेक्ट्रोस्कोपीही (गाठीतील रसायने दाखवणारी) केली गेली. प्रत्येकीचे काम वेगळे असते. पुवाची गाठ डिफ्युजनवर ठळक दिसते, क्षयाच्या गाठीत स्पेक्ट्रोस्कोपीवर चरबीच्या घटकांचा उंच शिखरासारखा आलेख येऊ शकतो, आणि वेगाने वाढणाऱ्या ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून झालेल्या गाठीत, रक्तप्रवाह बहुधा वाढलेला असतो. यांपैकी कोणतीही खूण एकटी पुरेशी नसते.

स्कॅन संपल्यावर रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी जुन्या सीटीची सीडी मागितली, दाजींच्या स्वभावात पहिला बदल कधी जाणवला ते ताईला विचारले, आणि नंतर जे विचारले तेच आमच्यासाठी सर्वांत मोलाचे ठरले: स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाले आहे का? झालेले नव्हते. त्यांनी आमच्यासमोर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. गाठ घट्ट आणि एकसारखी उजळणारी आहे, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याला लागून आहे, त्यामुळे लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) हा विचार पहिला ठेवावा लागेल, आणि रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर बायोप्सीपूर्वी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्यापूर्वी, स्टिरॉइड देऊ नये, असे त्यांनी कळवले.

यामागचे कारण प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने झपाट्याने मरतात. गाठ आक्रसते, क्वचित स्कॅनवरून दिसेनाशीही होते, आणि त्यानंतर घेतलेल्या तुकड्यातून निदानच होत नाही. क्षयाच्या गाठीवर एकेटीबरोबर स्टिरॉइड देण्याची पद्धत आहे, म्हणून अशा रुग्णाला काही दिवसांत बरे वाटू लागते, क्षयाचे औषध लागू पडले असा सर्वांचा समज होतो, आणि गाठ पुन्हा डोके वर काढते तोवर मौल्यवान काळ निघून गेलेला असतो. मेंदूवरील दाब जिवावर बेतणारा असेल तर स्टिरॉइड द्यावेच लागते, आणि तो निर्णय डॉक्टरांचाच असतो.

लेखी अहवालात तीन शक्यता क्रमाने दिल्या होत्या: लिम्फोमा, ग्लायोब्लास्टोमा (ग्लायोमाचा सर्वांत आक्रमक प्रकार) आणि सर्वांत शेवटी क्षयाची गाठ. प्रत्येकीच्या बाजूने आणि विरोधात काय दिसते ते लिहिले होते, एचआयव्ही तपासणी सुचवली होती आणि खात्री बायोप्सीनेच होईल असे स्पष्ट म्हटले होते. ‘एवढे पैसे देऊनही नक्की सांगितले नाही’ अशी तक्रार याच केंद्राविषयी मी ऐकली आहे. ती मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 आणि 2021 च्या वर्गीकरणांनंतर ग्लायोमाचे नावसुद्धा आयडीएचसारख्या जनुकांची तपासणी झाल्याशिवाय पूर्ण ठरत नाही. जे ऊतीच्या तुकड्यातून कळायचे ते केवळ चित्रावरून ठामपणे सांगणारा अहवाल मला अधिक धोक्याचा वाटतो.

दाजींची बायोप्सी पुण्यात झाली आणि लिम्फोमाच निघाला. या आजारात सहसा मोठी शस्त्रक्रिया करून गाठ काढत नाहीत. उपचाराचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेटची मोठ्या मात्रेतील केमोथेरपी असतो. क्षयाच्या गोळ्यांपेक्षा हा मार्ग किती वेगळा आहे, हे पाहिले की त्या एका फोनची किंमत कळते. सध्या उपचार सुरू आहेत आणि दाजी पुन्हा घरातल्यांशी बोलू लागले आहेत.

तीन गोष्टी मात्र केंद्राने सुधारायलाच हव्यात. स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्युजनचे वेगळे पैसे लागतील हे आधी सांगितले नव्हते, आणि काउंटरवर ऐनवेळी रक्कम वाढल्यामुळे ताईची धावपळ झाली. आम्हांला दिलेली सीडी पुण्याच्या रुग्णालयात उघडली नाही आणि ती परत मागवावी लागली, तेही तारीख हातात असताना. सर्वांत खटकले ते हे की अहवाल देताना काउंटरवरील कर्मचाऱ्याने त्यातील ‘ट्यूमर’ हा शब्द रांगेतील लोकांसमोर मोठ्याने वाचला. मॅडम जे बंद खोलीत, बसवून, समजेल अशा मराठीत सांगतात, ते काउंटरवर उच्चारण्याची गरज नाही. अहवाल पाकिटात घालून द्यावा.

एवढे असूनही मेंदूच्या तपासणीसाठी मी हेच केंद्र सुचवीन. जाताना जुन्या स्कॅनची सीडी, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि चालू औषधांची पूर्ण यादी बरोबर ठेवावी. त्या यादीत दम्यासाठी, सांधेदुखीसाठी किंवा अंगावरील पुरळासाठी घेतलेले स्टिरॉइडही न विसरता लिहावे, आणि वाढीव तपासण्यांचे दर नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावेत.