टी-८४ सांगून टी-९० गळ्यात मारला, ६६,३५० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. टोकन १५,०००. माल निघण्याआधी ४७,५००. ट्रान्सपोर्टवाल्याला टू-पे, म्हणजे माल घेताना द्यायचं भाडं, ३,८५०. एकूण ६६,३५० रुपये. जाहिरात बघून १९४३ च्या जीपसाठी पैसे मोजले टी-८४ गियरबॉक्सचे आणि पेटीतून निघाला टी-९०.

जुन्या जीपवाल्यांना फरक सांगायला नको. १९४१ ते १९४५ मधल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धातल्या जीपना वॉर्नर कंपनीचा टी-८४. युद्ध संपता संपता नागरी वापराची सीजे-२ए आली तिला टी-९०, पुढे सीजे-३बीलाही तोच. महिंद्राने सीजे-३बी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे टी-९० शोधला की सापडतो. टी-८४ शोधून दमायला होतं. गंडवण्याला जागा आहे ती इथेच.

आता कोणी म्हणेल, एवढं माहीत होतं तर फसलात कसे? दोन्ही तीन गियरचे, दोन्हींची केस बिडाची, दोन्हींची दांडी वरून, दोन्हींत पहिल्या गियरला सिंक्रो (गियर टाकताना वेग जुळवणारी रचना) नाही. धुळीने आणि ग्रीसने माखलेला बॉक्स फोनच्या फोटोवरून ओळखणारा कोणी असेल तर त्याला दुरूनच नमस्कार.

पण जाहिरातीतला तिसरा फोटो. तो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सगळी केस काळीकुट्ट आणि बाजूला तळहाताएवढा चट्टा गुळगुळीत, वर ताजा चंदेरी रंग. ओतीव अक्षरं असतात ती नेमकी तिथे. विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं, "गंज होता, बफ मारून दिला साहेब." गंज काय फक्त नंबरलाच लागतो? बिडावर ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक समांतर रेघा रंगाखालून दिसत होत्या. दिसत होत्या आणि तरी टोकन पाठवलं, कारण "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय". अक्षरं घासलेली केस दिसली की बोलणंच थांबवा. किंमत विचारू नका, घासाघीस करू नका.

याहून वाईट पुढेच आहे. बॉक्स नीट फिरतो हे दाखवायला त्याने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. पहिल्या गियरमध्ये टाकून हाताने पुढचा शाफ्ट फिरवतोय. टी-८४ चा पहिला गियर २.६६५ ला १ (पुढच्या शाफ्टचे इतके फेरे, तेव्हा मागच्याचा एक), टी-९० चा २.७९८ ला १. म्हणजे पुढचा शाफ्ट बरोबर आठ फेरे फिरवला की टी-८४ चा मागचा शाफ्ट पुरे तीन फेरे घेऊन जागेवर येतो. टी-९० चा येत नाही. फेऱ्याचा सातवा हिस्सा, साधारण ५० अंश, कमी पडतो. या मागच्या, म्हणजे मेन शाफ्टच्या टोकाला कॉटर पिनचं भोक असतं, त्याचीच खूण धरता येते. ते भोक व्हिडिओत स्वच्छ दिसतंय! पेटी उघडल्यावर व्हिडिओ परत लावून मोजलं: आठ फेरे झाले आणि भोक अलीकडेच थांबलं. पुरावा पैसे द्यायच्या आधीपासून फोनमध्ये पडून होता.

तर मोजा. दोन्ही शाफ्टवर खडूने रेघ मारून आठ फेरे, विक्रेत्याकडूनच, व्हिडिओ कॉलवर. दुसऱ्या गियरवर मोजू नका, तिथे १.५६४ आणि १.५५१ इतके जवळ आहेत की हाताने फरक कळत नाही. रिव्हर्सवर कळतो, ३.५५४ आणि ३.७९८. ट्रान्सफर केससकट (गियरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जोडी घेत असाल तर गियरबॉक्स तिसऱ्यात ठेवा, म्हणजे एकास एक, आणि ट्रान्सफर लो मध्ये टाका. युद्धातल्या जीपचं लो १.९७, म्हणजे दोन फेऱ्यांना एक. नंतरच्या सीजेचं जवळपास अडीच. जोडीत एक खरं आणि एक खोटं घालणारेही आहेत.

वरचं झाकण काढल्याशिवाय तर काहीच घेऊ नका. पहिल्या-रिव्हर्सच्या सरकत्या गियरच्या दात्यांची टोकं बघा. सिंक्रो नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबायच्या आत पहिला टाकणाऱ्यांनी ती कुरतडलेली असतात. क्लस्टर, म्हणजे खालचा एकसंध गियरांचा संच, पुढेमागे ढकलून बघा, खडखडला तर त्याच्या टोकांचे थ्रस्ट वॉशर झिजून गेले. क्लस्टर शाफ्टच्या भोकाभोवती चीर शोधा, चीर लपवायला भरलेलं एम-सील नखाने खरवडा. माझ्या नशिबी आलेल्या टी-९० मध्ये हे तिन्ही निघालं. धड असता तरी एखाद्या सीजेवाल्याच्या कामी आला असता.

आता व्यवस्थेचं ऐका. ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही आणि टू-पे भरल्याशिवाय पेटीला हात लावू देत नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, ओटीपीही तुमचाच. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "हद्द विक्रेत्याच्या गावची". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे सांगितल्यावर "साहेब आले की या". साहेब तिसऱ्या खेपेला भेटले. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "गियरबॉक्स मागवला, गियरबॉक्स आला. मग फसवणूक कसली?" टी-८४ आणि टी-९० कागदावर काढून दाखवले. कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले, "नवा जास्त दणकट ना? मग फायदाच झाला की तुमचा." दणकट आहे हे खरं, आणि त्याचाच जास्त संताप आला. १९४३ च्या गाडीला १९४३ चाच बॉक्स हवा, हे दिवाणी की फौजदारी यावर पाऊण तास गेला. शेवटी अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मिळाला. तेवढाच.

म्हणून व्यवहाराच्या मेसेजमध्ये "वॉर्नर टी-८४, एमबी किंवा जीपीडब्ल्यूचा, पहिला गियर २.६६५, वेगळा निघाल्यास पूर्ण पैसे परत" हे शब्द विक्रेत्याकडून लिहून घ्या. नुसतं "ओरिजिनल आर्मी डिस्पोजल" याला काडीचा अर्थ नाही, टी-९० सुद्धा आर्मी डिस्पोजलमधून निघतो. शक्य असेल तर स्वतः जा आणि पैसे तिथेच द्या. प्रवासाचे चार हजार जड वाटले होते, म्हणून गेलो नाही.

जाहिरात अजून चालू आहे. फोटो तोच, टोकन आता दहा हजार. चंदेरी चट्ट्यावर मात्र काळा रंग मारलाय.